काट्याची लढत आणि पंचांचा तराजू

आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड रंगतो, तेव्हा निकाल कोणी जाहीर करावा लागत नाही. पाठ मातीला लागली की लांब झाडावर चढून बसलेल्या पोरालाही तो कळतो. हलगी कडाडते, फेटे उडतात, जिंकलेला पैलवान फडाला फेरी मारून इनामाच्या नोटा गोळा करतो. ही झाली निकाली कुस्ती. पण दोघे तोडीस तोड निघाले, अर्धा-पाऊण तास झटूनही कोणी कोणाला चीत करू शकला नाही, तर पंच दोघांचे हात धरून वर करतात आणि कुस्ती बरोबरीत सुटली म्हणून सांगतात. मंडळी थोडी कुरकुरतात आणि पुढच्या जोडीकडे वळतात.

हे आठवायचे कारण म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरी शनिवारी रात्री रंगणारा वाद. मुले मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती पाहतात. (आपण आईवडील "काय हे रक्तबंबाळ!" म्हणत स्वयंपाकघरातून डोकावतो आणि मग हळूच सोफ्यावर टेकतो.) लढत पंचवीस मिनिटे चालते, कोणी पडत नाही, कोणी शरण येत नाही, आणि तीन पंचांपैकी दोघे एकाला विजयी ठरवतात, तिसरा दुसऱ्याला. मग घरातही तसेच दोन तट पडतात. पंचांना काही कळत नाही, एवढेच बोलून हा वाद बहुधा संपतो. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. पंच बऱ्याचदा ठीकच पाहतात. त्यांच्या हाती जो तराजू दिला आहे, तो कसा घडला हा खरा प्रश्न आहे. म्हणून हा इतिहास.

सुरुवात लंडनपासून करू. १० सप्टेंबर १९१० रोजी तिथे आपल्याकडचा गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लाउस झ्बिस्को यांची कुस्ती झाली. गामाने पहिल्याच काही क्षणांत झ्बिस्कोला खाली घेतले. झ्बिस्कोने मग जमिनीला छाती चिकटवून जी बैठक मारली, ती अडीच तासांहून अधिक वेळ सोडली नाही. गामा वर, झ्बिस्को खाली, पण पाठ लागेना. शेवटी कुस्ती बरोबरीत. आजच्या कोणत्याही गुणपद्धतीने ती गामाने सहज जिंकली असती. पण त्या दिवशी गुण नव्हते. पुढच्या शनिवारी पुन्हा कुस्ती ठरली, झ्बिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला.

आता त्र्याऐंशी वर्षे पुढे या. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर शहरात पहिली अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे यूएफसी, भरली. आठ लढवय्ये, एकच रात्र. फेऱ्या ठरलेल्या नव्हत्या, वेळेची मर्यादा नव्हती आणि गुण देणारे पंचही नव्हते. एक तर समोरच्याला बेशुद्ध पाडा, नाही तर शरण आणा, नाही तर त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल फेकला जाऊ द्या. थोडक्यात, आपली निकाली कुस्तीच. ब्राझीलच्या सडपातळ रॉयस ग्रेसीने त्या रात्री एकामागून एक तिघांना शरण आणले.

हे भाबडे युग कोणी संपवले? टेलिव्हिजनने. डिसेंबर १९९४ मध्ये टल्सा इथल्या चौथ्या स्पर्धेत ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न यांची अंतिम लढत इतकी लांबली की पैसे भरून घरी पाहणाऱ्या पुष्कळ प्रेक्षकांचे प्रक्षेपण निकालाआधीच बंद पडले. लोक चिडले. म्हणून पुढच्या वेळी वेळेची मर्यादा आली. एप्रिल १९९५ मध्ये शार्लट इथे ग्रेसी आणि केन शॅमरॉक यांच्यात ती लागू झाली, आणि लंडनचाच प्रयोग पुन्हा झाला. शॅमरॉक वर, ग्रेसी पाठीवर, छत्तीस मिनिटे. निकाल बरोबरी. (ब्राझीलच्या जुजुत्सूत पाठीवर पडणे म्हणजे हरणे नव्हे, हे आपल्या कुस्तीप्रेमी आजोबांना समजावणे कठीण जाते, हा आमचा अनुभव.) प्रेक्षक पुन्हा चिडले. म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात, पुन्हा डेन्व्हरमध्ये, पहिल्यांदा पंच बसवले. म्हणजे साखळी अशी: प्रक्षेपणामुळे घड्याळ आले, घड्याळामुळे बरोबरी आली आणि बरोबरी नको म्हणून पंच आले. खेळाची गरज काय आहे, हा विचार या साखळीत फारसा कोणी केलेला दिसत नाही.

पुढची वर्षे या खेळाला जड गेली. सिनेटर जॉन मॅकेन यांनी त्याची तुलना कोंबड्यांच्या झुंजीशी केली आणि सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे पाठवून बंदीची मागणी केली. फेब्रुवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ऐनवेळी दार बंद केले, तेव्हा नायगारा फॉल्सला ठरलेली बारावी स्पर्धा सगळ्या सामानसुमानासह अलाबामातल्या डोथन गावी हलवावी लागली. जगायचे तर राज्य सरकारांच्या क्रीडा आयोगांची परवानगी हवी, आणि हे आयोग बॉक्सिंग पाहणारे. त्यांचे पंच बॉक्सिंगचे, त्यांचे कागद बॉक्सिंगचे. १९९९ मध्ये यूएफसीने पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि बॉक्सिंगची दहा गुणांची पद्धत घेतली. २००० साली न्यू जर्सीच्या आयोगाने नियमांची एकत्रित संहिता केली, आणि तीच पुढे देशभर पसरली. दुसऱ्याच्या मापाचा कोट अंगावर आला, पण त्यामुळे दारात उभे राहता आले, हेही खरे.

ही पद्धत अशी. प्रत्येक फेरी स्वतंत्र तोलायची. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण द्यायचेच. हरणाऱ्याला नऊ, फारच मार खाल्ला असेल तर आठ. दहा-दहा देता येतात, पण नियमच सांगतो की असे क्वचितच करावे. साधी लढत तीन फेऱ्यांची, अजिंक्यपदाची पाच. पंच तिघे, पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना बसलेले. आम्ही रसायनशास्त्राची माणसे ब्युरेट वाचताना डोळा द्रवाच्या पातळीशी नेतो, कारण वरून पाहिले तर एक आकडा दिसतो आणि खालून दुसरा. इथे तर पाहायची वस्तू क्षणभरही स्थिर नसते. एका पंचाला ठोसा लागलेला दिसतो, समोरच्याला फक्त पाठ दिसते. तेव्हा थोडा मतभेद व्हायचाच, त्याबद्दल तक्रार नाही.

आमची तक्रार गणिताची आहे. समजा, पहिल्या फेरीत रामरावांनी शंभरातले ५१ काम केले आणि शामरावांनी ४९. दुसऱ्या फेरीतही तसेच. तिसऱ्या फेरीत शामरावांनी ७५ आणि रामरावांनी कसेबसे २५. सरळ बेरीज केली तर शामराव १७३, रामराव १२७. पण कागदावर तिन्ही फेऱ्या दहा-नऊच लिहिल्या जातात, आणि रामराव २९-२८ ने जिंकतात. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आपण काय सांगतो? मधल्या पायरीवर आकडे पूर्णांकात आणू नकोस, शेवटी एकदाच आण, नाहीतर चूक साचत जाते. दहा गुणांची पद्धत नेमके हेच करते: दर पाच मिनिटांनी पूर्णांकात आणते आणि मग बेरीज करते. शिवाय ५१ आणि ४९ मधला फरक पिंजऱ्याबाहेर बसलेल्या डोळ्यांना मोजता येतो का? ज्या तराजूचा काटा दोन ग्रॅमने डुलतो, त्यावर एका ग्रॅमचा फरक लिहायचा नसतो. इथे तो लिहिण्याची सक्ती आहे.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १६ नोव्हेंबर २०१३ चे, लास व्हेगासचे. कॅनडाचा विजेता जॉर्ज सेंट पिएर आणि ओक्लाहोमाचा जॉनी हेंड्रिक्स. पाच फेऱ्या संपल्या तेव्हा विजेत्याचा चेहरा सुजून निळा पडला होता आणि आव्हानवीर जवळजवळ जसाच्या तसा होता. निकाल आला: ४८-४७, ४७-४८, ४८-४७, पट्टा सेंट पिएरकडेच. यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी तिथेच नेवाडाच्या आयोगावर जाहीर आगपाखड केली. पण पंचांचे कागद शांतपणे पाहिले तर गंमत दिसते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फेरीबद्दल तिन्ही पंचांचे एकमत होते: दोन सेंट पिएरच्या, दोन हेंड्रिक्सच्या. मतभेद फक्त पहिल्या फेरीचा, आणि ती फेरी खरोखरच काटाजोड होती. तेव्हा कोणी आंधळे नव्हते, कोणी विकले गेले नव्हते. ज्या पाच मिनिटांत कोण पुढे हे सांगणे सर्वांत अवघड होते, त्याच पाच मिनिटांवर अजिंक्यपद ठरले. ती फेरी दहा-दहा लिहिली असती, तर लढत बरोबरीत सुटली असती, पट्टा विजेत्याकडेच राहिला असता आणि आव्हानवीराच्या नावावर पराभव लागला नसता. पुढच्याच महिन्यात सेंट पिएरने पट्टा खाली ठेवला. मार्च २०१४ मध्ये हेंड्रिक्सने रॉबी लॉलरला हरवून तो मिळवला, तोही ४८-४७ ने, आणि डिसेंबरात त्याच लॉलरकडे पंचांच्या विभागलेल्या निकालाने गमावला. एका माणसाच्या वर्षभराच्या नशिबाचा हिशेब एकेका गुणाने झाला.

पराभव म्हणजे नुसती नोंद नव्हे, हेही सांगायला हवे. या खेळातल्या अनेक करारांत मानधनाचे दोन भाग असतात: एक उतरल्याबद्दल, दुसरा जिंकल्याबद्दल, आणि बऱ्याचदा दोन्ही सारखेच. म्हणजे एका पंचाने एका फेरीत पेन इकडचे तिकडे केले, की नवख्या मुलाच्या घरी निम्मेच पैसे जातात.

फेऱ्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, यात नवीन काय? बॅडमिंटनमध्ये २१-१९, ५-२१, २१-१९ असा गेम जिंकणाऱ्याचे एकूण गुण ४७ आणि हरणाऱ्याचे ५९ असतात, तरी कोणी रडत नाही. २००० साली या देशाचा अध्यक्षसुद्धा एकूण मते कमी मिळूनही राज्यांच्या हिशेबाने निवडून आला. युक्तिवाद चांगला आहे, पण त्यात एक खोट आहे. बॅडमिंटनच्या कोर्टावर गुणफलक सतत समोर असतो. आपण दुसरा गेम सोडून द्यायचा की झुंजायचे, हे खेळाडू तो पाहून ठरवतो. पिंजऱ्यातल्या माणसाला आपण पुढे आहोत की मागे, हे शेवटपर्यंत कळत नाही. सेंट पिएरच्या लढतीत पहिली फेरी कोणाची, हे हेंड्रिक्सला कोणी सांगितले नव्हते. आपणच पुढे आहोत अशा समजुतीने माणूस शेवटची फेरी जपून खेळतो आणि फसतो. २०२० साली कॅन्सस राज्याने फेरीगणिक गुण जाहीर करण्याची मुभा दिली आणि इन्व्हिक्टा या महिलांच्या स्पर्धेत ती वापरली गेली. आम्हाला ही सुधारणा फार आवडली. यूएफसीने मात्र अजून तिला जवळ केलेले नाही. निकालाच्या क्षणाची उत्कंठा जाईल, अशी भीती असावी.

मग यंत्र का बसवू नये, असे आमच्यातले इंजिनिअर लगेच विचारतील. बसवून झाले आहे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम सामन्यात ८६ ठोसे लगावले आणि कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२, तरीही निकाल ३-२ ने पार्कच्या बाजूने गेला. त्या लाजिरवाण्या प्रकारानंतर १९९२ पासून ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये पंचांच्या हाती बटणे आली. पाचांपैकी तिघांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबले तरच गुण. परिणाम असा झाला की नजरेला स्वच्छ दिसणारा हलका ठोसा मोजला जाऊ लागला आणि पोटात बसलेला जबर ठोसा हरवू लागला. मुष्टियोद्धे बटणासाठी ठोसे मारायला शिकले. शेवटी २०१३ मध्ये ती पद्धत सोडून दहा गुणांकडे परत जावे लागले. जे मोजायला सोपे, तेच महत्त्वाचे होऊन बसते, हा प्रकार आम्ही प्रयोगशाळेतही पाहतो.

जपानच्या प्राइड स्पर्धेने, १९९७ ते २००७ या काळात, दुसरी वाट धरली होती. तिथे फेऱ्यांची बेरीज नव्हतीच. तिन्ही पंच लढत संपूर्ण पाहत आणि कोण जिंकले ते एकदाच सांगत. लढत संपवण्याचा प्रयत्न कोणी केला आणि कोणी किती इजा केली, याला मान मोठा. आपल्या फडावरच्या जुन्या वस्तादांना ही रीत पटली असती. पण तीत पहिली दहा मिनिटे विसरून शेवटची दोनच लक्षात राहण्याचा धोका आहे, आणि कोणत्या क्षणी काय तोलले याचा कागदोपत्री पुरावा उरत नाही.

अमेरिकेने मधला मार्ग काढला. २०१६ साली आयोगांच्या संघटनेने निकष नव्याने लिहिले आणि २०१७ पासून ते लागू झाले. आधी परिणामकारक मार आणि परिणामकारक पकड. ते अगदी समसमान असेल तरच आक्रमकता. तीही समसमान असेल तरच मैदानावरचा ताबा. आणि दहा-आठ देताना हात आखडू नका, असेही सांगितले. याचा अर्थ काय होतो, ते १२ नोव्हेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आधीच दिसले होते. टायरन वुडलीने स्टीफन थॉम्पसनला चौथ्या फेरीत जवळजवळ संपवले. दोन पंचांनी ती फेरी दहा-आठ लिहिली, बाकीच्या एक-तीन वाटल्या, आणि बेरीज ४७-४७ आली. तिसऱ्याने ४८-४७ वुडलीला दिले. लढत बरोबरीत. निवेदकाने आधी वुडली विजयी म्हणून जाहीर केले आणि मग दुरुस्ती करावी लागली, इतकी या देशाला बरोबरी अपरिचित! पण आमच्या मते त्या रात्रीचा तराजू सर्वांत प्रामाणिक होता. उलट फेब्रुवारी २०२० मध्ये ह्यूस्टनला जॉन जोन्स आणि डॉमिनिक रेयेस यांच्या लढतीत दोन पंचांनी ४८-४७ लिहिले आणि तिसऱ्याने ४९-४६, तिन्ही जोन्सच्या बाजूने. पहिल्या तीन फेऱ्यांत रेयेस पुढे होता असे मानणाऱ्यांना पाचांपैकी चार फेऱ्या जोन्सच्या हे आजही गिळता येत नाही. निकष सुधारले, तरी दहा-दहाचे दार अजून कुलूपबंदच आहे.

आपल्या मातीतही हा प्रश्न नवा नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्या आधीची गोष्ट कमी सांगतो. मद्रासच्या निवड स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध ते अवघ्या एका गुणाने मागे ठरवले गेले. त्यांनी दाद मागितली, पतियाळाच्या महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि या वेळी त्यांनी निरंजन दास यांना चीतच केले. गुणांचा प्रश्नच ठेवला नाही. ही दाद ऐकली गेली नसती, तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून उभे केलेले सात हजार रुपयेही कामी आले नसते. आणि त्या काळच्या ऑलिंपिक कुस्तीचा हिशेब पाहा. कुस्ती निकाली झाली नाही तर तीन पंच मत देत. हरणाऱ्याच्या नावावर दोषगुण चढत, पण ३-० ने हरला तर तीन आणि २-१ ने हरला तर दोनच. पाच दोषगुण झाले की स्पर्धेबाहेर. पंचांमधला मतभेद तिथे फेकून दिला जात नव्हता. तो मोजला जात होता. काट्याने हरलेल्याला काट्याइतकेच नुकसान.

आजच्या महाराष्ट्र केसरीत ही सोय नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या उपांत्य कुस्तीत बाहेरच्या टांगेचे चार गुण द्यायला हवे होते की कमी, यावर महाराष्ट्र कित्येक दिवस भांडला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीत पंचांनी राक्षे चीत झाल्याचा निकाल दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रीकरण पाहा, असे राक्षे यांचे म्हणणे होते; वाद वाढला आणि त्यांनी पंचांवर लाथ उगारली. अंतिम फेरीत गायकवाड मैदान सोडून गेले. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले, आणि त्या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचांवर पाय उचलणे अक्षम्यच, त्यात दुमत नाही. पण निकाली कुस्तीचाही निकाल झाडावरच्या पोराला दिसेनासा झाला असेल, तर चित्रीकरण पुन्हा पाहण्याची सोय आणि दाद मागण्याची ठरलेली जागा, दोन्ही कुस्ती लागण्याआधीच कागदावर हव्यात. १९५२ मध्ये त्यासाठी एक महाराज लागले होते.

आमच्या मंडळापुरते सांगायचे, तर गणेशोत्सवातील मुलांच्या स्पर्धांच्या परीक्षक-पत्रिका यंदा आम्ही नव्याने छापल्या आहेत. प्रत्येक परीक्षकाने इतरांशी बोलण्याआधी आपले गुण भरून पाकिटात द्यायचे आहेत, अर्धे गुण चालतील आणि शेवटी "बरोबरी" असा एक रकाना आहे. बक्षिसांचे दोन करंडक जास्तीचे मागवले आहेत. परीक्षक म्हणून बसण्यास तयार असलेल्यांनी नावे कार्यकारिणीकडे द्यावीत. स्वतःचे मूल स्पर्धेत असल्यास तेही कळवावे.